सोबत्याची कामं करणारी सॅक

मे २०२२ मध्ये दिल्लीचा एक तरुण इंजिनियर लोणावळ्याजवळच्या नागफणीच्या डोंगरावर एकटाच गेला. परतताना त्याची वाट चुकली. आपण जंगलात हरवलो आहोत, असं त्याने घरच्यांना फोनवर कळवलं आणि त्यानंतर त्याचा फोन बंद पडला. पोलीस, लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र ही संस्था, एनडीआरएफचे जवान, सगळ्यांनी मिळून रान पिंजून काढलं. चार दिवसांनी खोल दरीत त्याचा मृतदेह सापडला.

नागफणी, म्हणजेच ड्यूक्स नोज, ही काही जगापासून तुटलेली जागा नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून जाणाऱ्यांना तो कडा गाडीतूनच दिसतो. लोणावळ्याची हॉटेलं आणि रेल्वे जवळच आहेत. पण डोंगरात दुर्गमता किलोमीटरवर ठरत नाही. हाक मारल्यावर मदत यायला किती तास लागतील, यावर ती ठरते. पाय मुरगळलेल्या माणसाला कारवीच्या दाट रानातला अर्धा किलोमीटरही पुरेसा दुर्गम असतो, आणि तो एकटा असेल तर हाक मारायची कुणाला हा प्रश्न उरतोच.

सह्याद्रीत एकट्याने फिरणारे पूर्वीही होते आणि आता ते वाढत आहेत. सकाळच्या एसटीने पायथ्याचं गाव गाठायचं, गड पाहायचा आणि संध्याकाळी परतायचं, असा हा एका दिवसाचा बेत. मुक्काम नसतो, म्हणून सामान कमी लागतं, असं गृहीत धरलं जातं. पाण्याची एक बाटली, बिस्किटाचा पुडा आणि मोबाइल एवढ्यावर माणूस निघतो. दिवस ठरल्याप्रमाणे गेला तर तेवढं पुरतंही. सुरक्षेचं सामान मात्र ठरल्याप्रमाणे न गेलेल्या दिवसासाठी असतं.

ते निवडायची एक सोपी रीत आहे. सोबती असता तर त्याने काय केलं असतं, याची यादी करायची. त्याने वाट चुकल्याचं लक्षात आणून दिलं असतं. ‘तू थरथरतो आहेस, जॅकेट घाल’ असं सांगितलं असतं. जखमेला पट्टी बांधली असती, रात्री शेजारी बसून ऊब दिली असती आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे धावत गावात जाऊन माणसं आणली असती. एकट्याच्या सॅकमधल्या प्रत्येक वस्तूने यातलं एखादं तरी काम करायला हवं.

पहिली वस्तू घरीच ठेवायची

माणसं बोलावून आणण्याचं काम करते ती एक चिठ्ठी, आणि ती सॅकमध्ये नसतेच. कुठला गड, कुठल्या गावातून चढणार, कुठल्या वाटेने उतरणार, किती वाजेपर्यंत फोन करणार आणि फोन आला नाही तर कुणाला कळवायचं, एवढं तिच्यात लिहिलेलं असावं. अंगातल्या कपड्यांचा आणि सॅकचा रंगही लिहावा.

तिचं मोल अंकगणितात कळतं. हरवलेला माणूस ताशी दोन किलोमीटर चालला तरी तीन तासांत तो सहा किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात कुठेही असू शकतो. या वर्तुळाचं क्षेत्रफळ होतं ११३ चौरस किलोमीटर. तो डोंगराच्या कुठल्या सोंडेवरून चढला हे ठाऊक असेल, तर शोध एका वाटेपुरता आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या नाळांपुरता उरतो. महाराष्ट्रात डोंगरातला बचाव मुख्यतः स्वयंसेवक करतात. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर त्यांच्यात समन्वय साधतं. नोकरीधंदा बाजूला ठेवून, दोर खांद्यावर टाकून रात्री दरीत उतरणाऱ्या या माणसांना नेमकी जागा सांगणं हे निदान आपलं कर्तव्य आहे.

ही चिठ्ठी नसल्याची किंमत जगाने पाहिली आहे. २६ एप्रिल २००३ रोजी अमेरिकेतल्या युटा राज्यात ॲरन राल्स्टन हा गिर्यारोहक ब्लूजॉन कॅन्यन या चिंचोळ्या घळीत एकटाच उतरला. एक मोठी शिळा निसटली आणि त्याचा उजवा हात ती आणि घळीची भिंत यांच्यामध्ये अडकला. त्याच्याजवळ दोर होते, हेडटॉर्च होता, अनेक पात्यांचं एक स्वस्त हत्यार होतं. आपण कुठे जातोय हे मात्र त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. पाच दिवसांनी, १ मे रोजी, त्याने स्वतःच्या हाताची हाडं मोडून त्या बोथट पात्याने हात कापला, पाण्याच्या नळीवरचं आवरण आवळून रक्त थांबवलं आणि तो बाहेर आला. एका हाताने कडा उतरून चालत निघालेल्या या माणसाला पुढे हेलिकॉप्टरने उचललं. त्याच्यावरच्या ‘१२७ अवर्स’ या २०१० च्या चित्रपटाने ही कथा घराघरात पोचवली. त्याची जिद्द विलक्षणच होती. पण घरच्यांना नेमकं ठिकाण ठाऊक असतं, तर शोध कितीतरी आधी आणि योग्य जागी सुरू झाला असता.

सह्याद्रीत या चिठ्ठीची दुसरी प्रत ठेवायला हक्काची जागा आहे, ती म्हणजे पायथ्याचं गाव. शेवटच्या घरी थांबून ‘मामा, एकटाच वर चाललोय, पाचपर्यंत उतरतो, जाताना भेटून जाईन’ एवढं सांगितलं की वाटेची खबरही मिळते. कुठला टप्पा ढासळलाय, कुठल्या टाक्यात पाणी आहे, कुठे मोहोळ बसलंय हे त्या माणसाइतकं ताजं कुठलंही ॲप सांगू शकत नाही. उतरल्यावर त्यांना भेटायला विसरू नये. नाहीतर आपण घरी झोपलेलो असताना गावकरी कंदील घेऊन रानात शोधत बसतात.

चकवा, धुकं आणि होकायंत्र

रानात चकवा लागतो आणि माणूस फिरून त्याच जागी येतो, असं गावोगाव सांगतात. यामागचा अनुभव खरा आहे, हे २००९ मध्ये यान सौमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. जर्मनीच्या जंगलात आणि सहारा वाळवंटात त्यांनी लोकांना सरळ रेषेत चालायला सांगितलं आणि जीपीएसने त्यांचा माग काढला. सूर्य दिसत होता तेव्हा माणसं बऱ्यापैकी सरळ चालली. आभाळ भरून आलं तेव्हा जंगलातली माणसं वर्तुळात फिरली, आणि आपण सरळ चाललोय याची त्यांना खात्री होती.

सह्याद्रीत जून ते सप्टेंबर सूर्य क्वचित दिसतो. त्यात धुकं असतं, पुरुषभर वाढलेलं गवत असतं आणि ढोरवाटा असतात. गुरांच्या पायांनी पडलेल्या या वाटा मळलेल्या, रुंद, अगदी खऱ्या वाटेसारख्या दिसतात. त्या माणसाला चाऱ्यापर्यंत नेतात आणि तिथेच सोडून देतात.

म्हणून वाटेसाठी चार गोष्टी हव्यात. पहिली, फोनमध्ये आधीच उतरवून ठेवलेला नकाशा आणि चढाईच्या वाटेची नोंद. फोनचं जीपीएस उपग्रहांकडून थेट संकेत घेतं, त्यामुळे मोबाइलला रेंज नसली तरी ते चालतं. रेंज नसल्यामुळे अडतो तो नकाशा, कारण तो इंटरनेटवरून येत असतो. दुसरी गोष्ट, कागदाचा नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे यासाठी उत्तम. समोच्च रेषा जिथे दाटतात तिथे कडा आहे, एवढं वाचता आलं तरी उतरायला कुठली सोंड टाळायची ते समजतं. तिसरी, साधं होकायंत्र. पृथ्वीचा चुंबकीय उत्तर ध्रुव भौगोलिक ध्रुवापासून दूर असल्यामुळे जगात बऱ्याच ठिकाणी सुईच्या दिशेत काही अंशांची दुरुस्ती करावी लागते. महाराष्ट्रात हा फरक एका अंशाहूनही कमी आहे. सुई दाखवते ती उत्तर धरून चालायला हरकत नाही.

चौथी गोष्ट म्हणजे घड्याळ, आणि त्यात लावलेला परतीचा गजर. किती वेळ लागेल याचा एक जुना ठोकताळा स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडला. सपाटीवर दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ३०० मीटर चढाला अर्धा तास जास्त. सहा किलोमीटर अंतर आणि ९०० मीटर चढ असेल तर या हिशेबाने पावणेतीन तास लागतात. सह्याद्रीतला उकाडा, घसारा आणि वाट शोधण्यात जाणारा वेळ धरून त्यात निदान निम्मी भर घालावी. गजर वाजला की माथा समोर दिसत असला तरी मागे फिरायचं, हे निघण्यापूर्वीच ठरलेलं असावं. सोबती असता तर तो हाताला धरून म्हणाला असता, ‘चल, पुरे.’

फोन जिवंत ठेवणं

नागफणीच्या घटनेत फोन होता आणि तो लागलाही होता. मग तो बंद पडला. फोनला रेंज मिळत नाही तेव्हा तो सतत टॉवर शोधत राहतो आणि याच शोधात बॅटरी वेगाने संपते. म्हणून पायथा सोडला की फोन विमान मोडवर टाकावा. जीपीएस तेव्हाही चालू ठेवता येतं. १०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण दोनशे ग्रॅमची असते. ती आणि तिची वायर, दोन्ही प्लास्टिकच्या पिशवीत एकत्र बांधून ठेवावी. वायर विसरलेली पॉवर बँक हे नुसतं ओझं आहे.

संकट आलंच तर पहिला फोन मित्राला फुशारकीने किंवा संकोचाने करण्यात बॅटरी घालवू नये. ११२ हा आपत्कालीन क्रमांक आपल्या सिमची रेंज नसतानाही, तिथे पोचणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो. आवाज तुटत असेल तर साधा एसएमएस करावा, क्षीण रेंजमध्येही तो जाण्याची शक्यता असते. त्यात आपल्या जागेचे अक्षांश-रेखांश आकड्यांत लिहावे, काय झालंय ते एका ओळीत सांगावं आणि पुढचा फोन किती वाजता चालू करणार ते कळवावं. मग फोन बंद करून त्याच जागी थांबावं. जागा कळवल्यानंतर भटकत राहिलेला माणूस शोधपथकाच्या हाती लागत नाही.

परदेशातली डोंगरावरची पुस्तकं आणि चित्रफिती पाहणाऱ्यांना वाटतं की उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं उपकरण घेतलं की सगळी चिंता मिटली. भारतात ते चालत नाही. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात दहशतवाद्यांनी उपग्रह फोन वापरले होते. अशा सुरक्षेच्या चिंतेपोटी आपल्याकडे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असे फोन आणि संदेशयंत्रं बाळगणं हा गुन्हा आहे. गार्मिन कंपनीचं इनरीच हे जगभरच्या एकट्या भटक्यांचं आवडतं यंत्रही त्यातच येतं. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर कॅनडाच्या एका धावपटू महिलेला सामानात हे यंत्र आढळल्यामुळे ताब्यात घेतलं गेलं. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणारे मराठी भटके सुट्टीत गावी येताना आपली सॅक जशीच्या तशी उचलून आणतात. त्यांनी हे यंत्र तिकडेच ठेवून यावं. आयफोन १४ पासून आलेली उपग्रहाद्वारे मदत मागण्याची सोयही भारतात उपलब्ध नाही.

मग हाताशी उरते ती शिट्टी. हिला बॅटरी लागत नाही, परवाना लागत नाही आणि शंभर रुपयांच्या आत ती मिळते. ओरडून ओरडून घसा तासाभरात बसतो, शिट्टी मात्र श्वास आहे तोवर वाजते. आत गोळी नसलेली प्लास्टिकची शिट्टी घ्यावी, कारण गोळीवाली शिट्टी भिजल्यावर अडकते. डोंगरातला आंतरराष्ट्रीय संकेत असा: एका मिनिटात सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. ऐकणारा मिनिटाला तीन शिट्ट्यांनी उत्तर देतो. रात्री हाच संकेत टॉर्चने देता येतो. शिट्टी सॅकच्या कप्प्यात ठेवून उपयोग नाही, ती गळ्यात किंवा छातीवरच्या पट्ट्याला हवी. सॅक दरीत गेली आणि माणूस झाडाला अडकून राहिला, तर खिशात आणि अंगावर जेवढं आहे तेवढंच खरं. फोन, शिट्टी, छोटा चाकू आणि काडेपेटी किंवा लायटर या चार वस्तू म्हणूनच अंगावर वागवाव्यात.

पायांत आणि अंगावर

सह्याद्रीचा दगड बेसॉल्टचा. पावसाळ्यात त्यावर शेवाळ चढतं आणि उन्हाळ्यात मुरमाचा घसारा पायाखालून सरकतो. बुटाची किंमत किंवा नाव यापेक्षा तळवा महत्त्वाचा. नरम रबराचा, खोल खाचांचा तळवा ओल्या कातळावर धरतो. कडक प्लास्टिकसारखा, शहरात चालायला बनवलेला तळवा तिथेच घसरतो. जुन्या भटक्यांचे कॅनव्हासचे हंटर शूज आणि स्वस्तातले देशी ट्रेकिंग शूज आजही टिकून आहेत ते या पकडीमुळेच. जलरोधक बूट मात्र आपल्या पावसात फसवे ठरतात. गुडघाभर ओढा ओलांडताना पाणी वरून आत जातं आणि मग ते बाहेर पडत नाही. पाणी झिरपून निघून जाईल असा बूट आणि मोज्यांचा कोरडा जोड, हे जास्त उपयोगी.

काठी घ्यावीच. उतारावर गुडघ्यांचा भार ती हलका करते, गवतात पाऊल टाकण्यापूर्वी जमीन चाचपते, ओढ्याच्या धारेत तिसरा पाय होते आणि वेळ पडली तर मोडलेल्या पायाला आधार म्हणून बांधता येते.

कपड्यांच्या बाबतीत सर्वात धोकादायक गैरसमज हा की महाराष्ट्रात थंडीने माणूस मरत नाही. ऑगस्ट २०२३ च्या सुरुवातीला पुण्याहून गेलेले सहा जण हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर धुक्यात आणि पावसात चुकले. त्यांतला एक जण गारठून मेला. १,४२४ मीटर उंचीच्या गडावर पावसाळ्यात बर्फ नसतं, पण ओले कपडे आणि वारा असतो. पाणी शरीरातली उष्णता हवेच्या जवळपास पंचवीसपट वेगाने ओढून नेतं. सुती कपडा एकदा भिजला की अंगाला चिकटतो आणि वाळत नाही. जीन्स तर सगळ्यात वाईट. पॉलिएस्टरचा पातळ शर्ट, लवकर वाळणारी फुल पॅन्ट, वरून वारा आणि पाऊस अडवणारं जॅकेट, आणि प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला लोकरीचा किंवा फ्लीसचा एक कोरडा जोड, एवढं पावसाळ्यात लागतंच. छत्री कड्यावरच्या वाऱ्यात टिकत नाही आणि एक हात अडकवून ठेवते.

गारठ्याचं विष असं की ते आधी बुद्धीवर चढतं. शब्द अडखळतात, बोटांना चेन लावता येत नाही, पाय ठेचकाळतात आणि त्या माणसाला स्वतःला मात्र सगळं ठीक वाटतं. सोबती हे ओळखतो, एकट्याला ओळखता येत नाही. म्हणून त्याने नियमाने वागावं. पहिलं कापरं भरलं की थांबायचं, कोरडे कपडे घालायचे, गूळ-शेंगदाणे किंवा चिक्की खायची आणि खाली उतरायला लागायचं.

पाणी, मीठ आणि ऊन

मार्च ते मे हा ऋतू उलटा मारतो. गडावरची बरीच टाकी आटलेली असतात, काळा कातळ तापलेला असतो आणि सावली नसते. दिवसभराच्या चढाईला तीन ते चार लिटर पाणी न्यावं, म्हणजे तेवढे किलो वजन. ते टाळायचा एकच मार्ग आहे: पहाटे निघणं आणि दहा वाजायच्या आत चढ संपवणं.

घामातून पाण्याबरोबर मीठही जातं. नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम घटतं, डोकं दुखतं, मळमळतं आणि माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो. म्हणून ओआरएसची पाकिटं हवीत. या औषधाचं मोल दिसलं ते आपल्याच देशात. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि शिरेतून देण्याचं सलाइन संपत आलं होतं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी तोंडाने पाजून असंख्य जीव वाचवले. किती पाण्यात टाकायचं ते पाकिटावर लिहिलेलं असतं, तेच प्रमाण पाळावं. अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट टाकल्याने अपाय होतो.

एका हाताने बांधता येईल ते

बाजारात तयार मिळणाऱ्या प्रथमोपचार पेट्यांत छोट्या पट्ट्याच जास्त असतात. डोंगरात खरचटल्याने कुणी अडकून पडत नाही. घोटा मुरगळणं, हाड मोडणं आणि न थांबणारं रक्त यांनी माणूस अडकतो. म्हणून दोन रुंद क्रेप बँडेज, निर्जंतुक गॉजची जाड घडी, त्रिकोणी बँडेज, चिकटपट्टीचं रीळ, जंतुनाशक मलम, पॅरासिटामोल, ॲलर्जीवरची गोळी आणि रोजची औषधं असतील तर त्यांचा एका दिवसाचा जास्त साठा, एवढं पुरे. पेटीत एक कार्ड असावं: नाव, रक्तगट, ॲलर्जी, घरचा फोन. बेशुद्ध माणसाच्या वतीने ते बोलतं.

यातली प्रत्येक वस्तू घरी बसून एका हाताने, आधी उजव्या आणि मग डाव्या, वापरून पाहावी. दाताने न फाटणारं पाकीट, दोन्ही हात लागणारी बाटली, अंधारात न सापडणारं बटण यांचा दोष खुर्चीवर बसल्या बसल्या कळलेला बरा.

सापासाठी वेगळं काही विकत घेऊ नये. विष ओढून काढणारे पंप आणि आवळपट्ट्या असलेले संच निरुपयोगी, काही वेळा घातक असतात. चिरणं, चोखणं, घट्ट दोरी बांधणं, हे काहीही करू नये. घोट्याच्या वर येणारे बूट, फुल पॅन्ट, काठी आणि अंधार पडल्यावर टॉर्च हेच खरं संरक्षण, कारण फुरसं आणि घोणस यांचे दंश बहुतेक पायावर होतात. दंश झालाच तर अंगठी, घड्याळ काढावं, तो अवयव शक्यतो हलवू नये, वेळ लिहून ठेवावी आणि ११२ किंवा रुग्णवाहिकेच्या १०८ क्रमांकाला कळवावं. फोन लागत नसेल तर न धावता, सावकाश जवळच्या वस्तीकडे जावं. उपाय एकच, रुग्णालयातलं प्रतिविष. ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर तयार केलेलं असतं.

विंचवाच्या बाबतीत कोकणावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचे उपकार आहेत. लाल विंचवाच्या दंशाने हृदय बंद पडून माणसं दगावत. प्राझोसिन या औषधाने ती वाचतात हे त्यांनी गावातल्या दवाखान्यात काम करताना दाखवून दिलं. भटक्याने शिकायचं ते एवढंच, की काढून ठेवलेला बूट झटकल्याशिवाय पायात घालायचा नाही आणि दगडाच्या कपारीत न बघता हात घालायचा नाही.

आग्या मोहोळ हा गडांवरचा सर्वात दुर्लक्षित धोका. मार्च २०२५ मध्ये शिवनेरीवर मधमाश्यांच्या हल्ल्यात पर्यटक जखमी झाले. धूर, अत्तर, दगडफेक आणि गोंगाट यांनी माश्या उठतात. फिकट रंगाचे लांब बाह्यांचे कपडे आणि डोकं-चेहरा पूर्ण झाकेल असा मोठा पंचा किंवा ओढणी जवळ असावी. माश्या उठल्या तर हात न झाडता, चेहरा झाकून, पाय सांभाळत तिथून लवकर दूर व्हावं. आधी कधी डंखाने श्वास अडकला असेल, त्या व्यक्तीने डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एकट्याने गडावर जाऊ नये.

रात्र काढावी लागली तर

अमेरिकेतल्या सिॲटलच्या माउंटेनियर्स या संस्थेने १९३० च्या दशकात डोंगरात नेण्याच्या दहा आवश्यक वस्तूंची यादी शिकवायला सुरुवात केली. पुढे ती जगभर गेली. तिच्यामागचे प्रश्न दोनच होते: अपघात झाला तर तोंड देता येईल का, आणि एक रात्र, किंवा जास्तही, सुखरूप उघड्यावर काढता येईल का? एका दिवसाच्या भटकंतीला दुसरा प्रश्न गैरलागू वाटतो, पण तो तिथेच सर्वांत लागू आहे, कारण मुक्कामाला निघालेल्याकडे पांघरूण असतंच.

पहिली वस्तू हेडटॉर्च. हातातली विजेरी कातळ उतरताना एक हात खाते, आणि फोनचा टॉर्च फोनचीच बॅटरी खातो. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दाट रानात त्याआधीच अंधारतं. दुसरी, चंदेरी तातडीचं पांघरूण. अमेरिकेच्या अवकाश कार्यक्रमातून १९६० च्या दशकात पुढे आलेली ही धातूचा लेप दिलेली पातळ फिल्म शरीराची बरीचशी उष्णता परत फिरवते, आणि तिचं वजन असतं जेमतेम साठ ग्रॅम. वाऱ्यात ती फाटते, म्हणून तिच्यावरून घ्यायला भडक रंगाचं मेणकापड किंवा मोठी जाड प्लास्टिकची पिशवी हवी. तीच दिवसा वरून शोधणाऱ्याला दिसते. खाली ओली जमीन उष्णता ओढते, त्यामुळे सॅक रिकामी करून तिच्यावर बसावं आणि पायाखाली पाला पसरावा.

अंधार पडला आणि वाट सापडेना, तर चालणं थांबवावं. दरीत पडून होणारे मृत्यू टाळायचा एवढा एक उपाय कुठल्याही वस्तूशिवाय हातात असतो. कड्यापासून, ओढ्याच्या पात्रापासून आणि दगड कोसळणाऱ्या नाळेपासून दूर बसून काढलेली रात्र थंड असते, कंटाळवाणी असते, पण सकाळी माणूस जिवंत असतो.

काय नेऊ नये

दोर नेऊ नये. विचित्र वाटेल, पण वीस मीटर दोर एकट्या माणसाला जिथे जाऊ नये तिथे जायचं धाडस देतो. दोराला वर धरणारा, खालून सांभाळणारा दुसरा माणूस लागतो. दोराशिवाय जिथे उतरता येत नाही तो कातळटप्पा एकट्याने चढूच नये. अलंग, मदन आणि कुलंग हे गड, कोकणकड्याजवळची नळीची वाट, पावसाळ्यातली सांदण दरी, ही ठिकाणं जाणत्या संघाबरोबरच करायची. कड्याच्या पोटातून जाणारी वाट असेल तर हेल्मेट मात्र न्यावं, कारण वरून वानरांच्या आणि शेळ्यांच्या पायांनी दगड सुटतात. गिर्यारोहणाचं हलकं हेल्मेट घ्यावं. मोटरसायकलचं हेल्मेट जड असतं आणि त्यात वरून येणाऱ्या दगडाचा आवाजही ऐकू येत नाही.

पैसे मोजके असतील तर खरेदीचा क्रम असा लावावा: शिट्टी, हेडटॉर्च, ओआरएस, क्रेप बँडेज, चंदेरी पांघरूण आणि मेणकापड. मग पॉवर बँक, नंतर बूट, आणि सगळ्यात शेवटी जॅकेट. पहिल्या पाच-सहा वस्तू एका चांगल्या बुटाच्या किमतीत बसतात आणि किलोभरात मावतात. शिट्टी सोडून बाकीच्या सॅकच्या एका कप्प्यात कायमच्या ठेवाव्यात, प्रत्येक ट्रेकआधी काढून तपासाव्यात, टॉर्चचे सेल आणि गोळ्यांच्या तारखा पाहाव्यात. आणि सॅक भरायला घेण्यापूर्वी घरच्या माणसाच्या हातात चिठ्ठी द्यावी, परतीची वेळ त्याच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्यावी आणि त्या वेळेच्या आत फोन करावा.